ऑस्ट्रेलियाची २६ जानेवारी आणि आपण

आई पहिल्यांदा सिडनीला आली तेव्हा जानेवारी चालू होता. सांगलीची थंडी मागे टाकून ती थेट इथल्या भर उन्हाळ्यात उतरली. आमच्या गल्लीत दोन-तीन घरांवर निळे झेंडे लागले होते, सुपरमार्केटात झेंड्याच्या टोप्या आणि बशा आल्या होत्या. तिनं विचारलं, "काय गं, इथंपण सव्वीस जानेवारी असते?" मी म्हटलं, हो, या देशाचाही तोच दिवस. तिला आनंद झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं तिनं झेंडावंदनाची रांगोळी काढली आहे. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे त्याच दिवशी इंग्रज इथनंही गेले?"

"गेले नाहीत आई. त्या दिवशी आले."

तिचे हात थांबले. थोड्या वेळानं तिनं एवढंच विचारलं, "मग सण कोण करतं?"

या प्रश्नाला मी तेव्हा धड उत्तर देऊ शकले नाही. सण मीच करत होते. त्याच्या दोन वर्षं आधी २६ जानेवारीलाच आमच्या कौन्सिलच्या हॉलमध्ये मी या देशाचं नागरिकत्व घेतलं होतं. पैठणी नेसून शपथ घेतली, प्रमाणपत्र मिळालं, कुंडीत लावायला बॉटलब्रशचं रोप मिळालं, महापौरांबरोबर फोटो झाला. समारंभाच्या सुरुवातीला तिथल्या मूळ समाजातल्या एक वयस्कर बाई आल्या, आपल्या पूर्वजांच्या भूमीवर आमचं स्वागत केलं आणि आम्ही राष्ट्रगीतासाठी उभे राहण्याच्या आत निघून गेल्या. त्या का थांबल्या नाहीत हे त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही. आईच्या प्रश्नानंतर आलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिवस २६ जानेवारीला असू नये. आणि भारतातून येऊन इथले नागरिक झालेल्या आपण या वादात "हे त्यांचं आपापसातलं आहे" म्हणून हात बांधून बसू नये. दरवर्षी जानेवारी आला की इथं हा वाद पेटतो. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मात्र त्या दिवशी तिरंगा, बार्बेक्यू आणि लाँग वीकेंडचे बेत यांपलीकडे काही येत नाही.

त्या दिवशी नेमकं काय झालं, ते आधी बघू. अमेरिकेतल्या वसाहती हातच्या गेल्यावर इंग्लंडला कैदी पाठवायला जागा उरली नाही. तुरुंग भरले, टेम्स नदीवर जुनी जहाजं नांगरून त्यांत माणसं कोंबली जाऊ लागली. कॅप्टन कुकनं १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा परस्पर राजाच्या नावानं करून टाकला होता. त्याच्या जहाजावर असलेल्या जोसेफ बँक्सनं बॉटनी बेची शिफारस केली, आणि सरकारनं ती उचलली. १३ मे १७८७ रोजी अकरा जहाजं पोर्टस्मथहून निघाली. वर सुमारे चौदाशे माणसं, त्यांतले निम्म्याहून जास्त कैदी, आणि त्यांतले बहुतेक चोऱ्यामाऱ्यांसाठी शिक्षा झालेले. टेनेरिफ, रिओ, केप टाऊन असा वळसा घालून आठ महिन्यांनी, १८ ते २० जानेवारी १७८८ च्या दरम्यान, हा ताफा बॉटनी बेला पोचला. बँक्सनं वर्णन केलेली हिरवळ काही तिथं दिसेना. पाणी उथळ, वाऱ्याला आडोसा नाही, गोड्या पाण्याचा तुटवडा. ताफ्याचा प्रमुख आणि वसाहतीचा पहिला गव्हर्नर कॅप्टन आर्थर फिलिप तीन होड्या घेऊन उत्तरेकडे गेला आणि त्याला पोर्ट जॅक्सन हे बंदर सापडलं. त्यातली गोड्या पाण्याचा ओढा असलेली एक खाडी त्यानं निवडली. त्या खाडीला तिथले लोक वाराने म्हणत. फिलिपनं तिला गृहमंत्री लॉर्ड सिडनीचं नाव दिलं.

२६ जानेवारीला फिलिप, काही अधिकारी आणि थोडे सैनिक किनाऱ्यावर उतरले, झेंडा उभा केला, बंदुकांची फैर झाडली, राजाच्या आणि नव्या वसाहतीच्या नावानं पेले उंचावले. बाकीची जहाजं संध्याकाळी आली. बहुतेक कैदी स्त्रिया ६ फेब्रुवारीपर्यंत जहाजांवरच होत्या. वसाहतीची स्थापना रीतसर जाहीर झाली ती ७ फेब्रुवारीला, वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स यानं राजाचं फर्मान सगळ्यांसमोर वाचलं तेव्हा. म्हणजे ज्या घटनेचा हा वाढदिवस, तिचा जन्मदाखलाही वेगळ्या तारखेचा आहे. २६ तारखेला झालं ते एवढंच, की दुसऱ्याच्या जमिनीवर एक झेंडा रोवला गेला.

ती जमीन दुसऱ्याची होती हे फिलिपला दिसत होतं. किनाऱ्यावर माणसं होती, भाले उगारत होती, "वारा, वारा" असं ओरडत होती. त्याचा अर्थ 'चालते व्हा', हे गोऱ्यांनीच नोंदवून ठेवलं आहे. फिलिप दुष्ट माणूस नव्हता. इथल्या लोकांशी सलोख्यानं, मायेनं वागा अशा लेखी सूचना त्याला लंडनहून मिळाल्या होत्या आणि त्या पाळायचा त्यानं बराच प्रयत्न केला. पण त्या सूचनांत एक गोष्ट नव्हती. जमीन घेण्याआधी तिच्या मालकांना विचारा, असं त्यांत कुठंही म्हटलेलं नव्हतं. न्यूझीलंडमध्ये १८४० मध्ये निदान वैतांगीचा करार झाला, मग तो कितीही मोडला गेला असो. इथं तेवढंही झालं नाही. उलट १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या एका धनगरानं, म्हणजे शेकड्यांनी मेंढ्या पाळणाऱ्या जमीनदारानं, आजच्या मेलबर्नजवळच्या कुळांबरोबर स्वतःच्या फायद्यासाठी का होईना एक करार केला, तर गव्हर्नर बर्कनं तो रद्दबातल ठरवला. कारण काय, तर जमीन राजाची; तिथं राहणारे लोक ती देणार कोण?

सलोखा करायचा तर भाषा यायला हवी, आणि भाषा शिकवायला माणूस हवा. माणसं आपणहून येईनात. तेव्हा फिलिपनं माणूस पकडून आणायचा हुकूम दिला. ३१ डिसेंबर १७८८ रोजी मॅनलीच्या किनाऱ्यावर अरबानू नावाच्या एका माणसाला धरलं, दोरानं बांधून होडीत घातलं. त्याच्या मनगटात लोखंडी बेडी चढवली तेव्हा तो आधी खूश झाला. त्याला तो दागिना वाटला. तो तिला 'बेंगाडी' म्हणाला. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ दागिना. बेडी कशासाठी आहे हे कळल्यावर मात्र तो संतापानं वेडापिसा झाला. वॉटकिन टेंच या नौदलाच्या सैनिकी अधिकाऱ्यानं हे सगळं लिहून ठेवलं आहे. ते वाचताना माझं लक्ष त्या शब्दावरच खिळलं. त्या भाषेचा आणि आपल्या भाषेचा काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे, हे मला कळतं. पण मराठी वाचणाऱ्या बाईला 'बेंगाडी' या शब्दात 'बांगडी' ऐकू आल्याशिवाय कशी राहील? एका माणसाच्या मनगटावर बेडी आहे आणि तो हसून तिला बांगडी म्हणतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेलं नाही.

चार महिन्यांत देवीची साथ आली. ती कुठून आली यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. खाड्यांच्या काठी, खडकांच्या कपारीत प्रेतं सापडू लागली. अरबानूला त्याच्या माणसांचा शोध घ्यायला होडीतून नेलं, तर जिथं कायम वर्दळ असायची तिथं चिटपाखरू नव्हतं. त्यानं हात वर केले, बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि मग "सगळे मेले, सगळे मेले" म्हणाला. हे कॉलिन्सनं लिहून ठेवलंय. वसाहतीत आणलेल्या आजाऱ्यांची अरबानूनं सेवा केली आणि १७८९ च्या मे महिन्यात त्याच रोगानं तो गेला. आसपासची निम्मी माणसं गेली असावीत, असा फिलिपचा अंदाज होता. आज सिडनीचं मध्यवर्ती शहर ज्यांच्या जमिनीवर उभं आहे त्या गाडिगल कुळातली तीन माणसं उरली, असं बेनेलाँगनं गोऱ्यांना सांगितलं. हा बेनेलाँग म्हणजे अरबानूनंतर पळवून आणलेला माणूस. सिडनीचं ऑपेरा हाउस ज्या टोकावर आहे ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. आपल्याकडून पाहुणे आले की आपण सगळ्यात आधी त्यांना तिथंच फोटो काढायला नेतो.

आलेल्यांचंही हलाखीचंच चाललं होतं, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. जमीन नांगराला दाद देईना, बियाणं उगवेना. १७९० च्या मार्चमध्ये 'सिरियस' हे जहाज नॉरफोक बेटाजवळ फुटलं आणि शिधा कमी कमी होत गेला. फिलिपनं कैद्यांना आणि सैनिकांना सारखाच शिधा दिला, स्वतःचं पीठही सगळ्यांच्या कोठारात दिलं. तो राज्यकर्ता म्हणून मला यासाठी आवडतो. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या दुसऱ्या ताफ्यावर वाटेतच चौथा हिस्सा कैदी मेले, कारण ठेकेदाराला पैसे मिळत होते ते जहाजावर चढवलेल्या माथ्यांमागे, जिवंत पोचवलेल्यांमागे नव्हे. रुमाल किंवा कापडाचा तागा चोरला म्हणून घरापासून हजारो कोस दूर फेकलेल्या माणसांची ही कहाणी आहे, आणि शिक्षा संपलेल्या याच कैद्यांनी पुढं २६ जानेवारीला एकत्र जेवणं सुरू केली. आपण जगलो, याचा तो आनंद होता. त्या आनंदाला मी नाव ठेवणार नाही.

आणि या कहाणीत आपणही आहोत. १७९२ च्या जूनमध्ये 'अटलांटिक' हे जहाज कलकत्त्याहून सिडनीला आलं ते तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन. कॉलिन्सच्या नोंदीत 'सूजी' आणि 'ढोल' असे शब्द तसेच्या तसे आले आहेत. उपाशी वसाहतीला तेव्हा बंगालच्या डाळीनं हात दिला. पुढं १७९७ मध्ये कलकत्त्याहूनच निघालेलं 'सिडनी कोव्ह' नावाचं जहाज टास्मानियाजवळच्या एका बेटाला लागून फुटलं. मदत आणायला सतरा जण निघाले, त्यांतले बारा भारतीय खलाशी. किनाऱ्या-किनाऱ्यानं शेकडो मैल चालत ते सिडनीच्या दिशेनं निघाले. पोचले फक्त तिघं. वाटेत बऱ्याच ठिकाणी त्यांना अन्न दिलं, नद्या ओलांडायला मदत केली ती आदिवासींनी.

मुंबईचाही संबंध आहे, आणि तो थेट या तारखेशी आहे. २६ जानेवारीला पहिल्यांदा सरकारी सुट्टी आणि तोफांची सलामी दिली ती गव्हर्नर लॅकलन मॅक्वारीनं, १८१८ मध्ये, तिसाव्या वाढदिवशी तीस तोफा. या मॅक्वारीची उमेदीची वर्षं मुंबईत गेली. १७८८ मध्येच तो आपल्या पलटणीबरोबर मुंबईला आला होता. लग्न त्यानं मुंबईत केलं, आणि त्याची पहिली बायको जेन मुंबईच्या मातीत पुरलेली आहे. टिपूविरुद्धच्या लढायांत तो होता. १७९५ मध्ये कोचीनला त्यानं दोन गुलाम मुलगे विकत घेतले. त्यांतला एक, जॉर्ज जार्व्हिस हे नाव दिलेला, मोठा होऊन त्याचा नोकर म्हणून सिडनीच्या गव्हर्नर हाउसमध्येही राहिला. राज्य कसं करायचं हे मॅक्वारी आपल्याकडं शिकला. सिडनीत त्यानं रस्ते बांधले, दवाखाना बांधला, सुटलेल्या कैद्यांना मानानं वागवलं. म्हणून इथं विद्यापीठ, बँक, रस्ता, सगळ्यांना त्याचं नाव आहे. त्याच मॅक्वारीनं १८१६ मध्ये आदिवासींवर सैन्य पाठवलं. लढाईत मारलेल्या पुरुषांची प्रेतं सगळ्यांना दिसतील अशी झाडांवर टांगा, म्हणजे उरलेल्यांना दहशत बसेल, असा त्याचा लेखी हुकूम होता. १७ एप्रिलच्या रात्री ॲपिनजवळ सैनिकांनी झोपलेल्या तळावर हल्ला केला. लोक कड्यावरून खाली कोसळले. निदान चौदा मेले, त्यांत बायका-मुलं होती. सलामीच्या तोफा झडल्या त्या यानंतर दोन वर्षांच्या आत.

याच्या बरोबर वीस वर्षांनी, २६ जानेवारी १८३८ रोजी, सिडनीच्या बंदरात पन्नासाव्या वर्षानिमित्त होड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. त्याच दिवशी उत्तरेकडे वॉटर्लू क्रीकच्या काठी मेजर नन्नचे घोडेस्वार पोलीस गमिलराय लोकांना गोळ्या घालत होते. किती मेले याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. तारखेबद्दल वाद नाही.

शंभर वर्षांनी, १९३८ मध्ये, दीडशेवा वाढदिवस आला. फिलिपच्या उतरण्याचा देखावा करायला आदिवासी हवे होते. सिडनीतल्या आदिवासींनी नकार दिला, म्हणून दूर मेनिंडीहून माणसं आणली आणि त्यांना पोलीस बराकीत ठेवलं. गोऱ्यांना बघून पळून जाण्याचं काम त्यांच्याकडून करून घेतलं. त्याच दिवशी एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये शंभरेक आदिवासी जमले. पुढच्या दारानं त्यांना आत सोडलं नाही. मागच्या दारानं आत जाऊन त्यांनी हा दिवस शोकदिन म्हणून पाळला आणि ठराव केला की आम्हाला पूर्ण नागरिकत्व द्या. विल्यम फर्ग्युसन, जॅक पॅटन, म्हातारे विल्यम कूपर ही या सभेमागची माणसं. "तारीख बदला ही हल्लीची फॅशन आहे" असं कोणी म्हणालं की मला ते मागचं दार आठवतं. ही मागणी करणाऱ्यांची चौथी-पाचवी पिढी चालू आहे.

उलट सणच अलीकडचा आहे. 'ऑस्ट्रेलिया डे' हे नाव सगळ्या राज्यांनी १९३५ मध्ये स्वीकारलं. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं सुट्टी २६ तारखेच्या जवळच्या सोमवारी द्यायचे, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे मिळत. सगळ्या देशात नेमकी २६ लाच सुट्टी १९९४ पासून. माझ्या धाकट्या भावाचं वय याहून जास्त आहे. आणि ही तारीख आहे तरी कोणाची? ॲडलेडची वसाहत १८३६ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली, पर्थची १८२९ मध्ये, मेलबर्न १८३५ मधलं. २६ जानेवारी ही सिडनीची तारीख आहे. १८८८ मध्ये शताब्दी झाली तेव्हा ॲडलेडनं ती साजरीही केली नव्हती.

आता विरोधी बाजू. ती मी मनापासून ऐकली आहे, कारण ती माझ्या ओळखीच्या चांगल्या माणसांची आहे.

एक म्हणणं असं की आम्ही १७८८ साजरं करत नाही, आजचा देश साजरा करतो. ऑस्ट्रेलियन नागरिकत्वाचा पहिला कायदाही २६ जानेवारी १९४९ पासूनच लागू झाला. हे खरं आहे. पण त्या कायद्याला तो मुहूर्त मिळाला, कारण दिवस आधीच सणाचा होता, आणि सणाचा होता कारण १७८८. वळसा घालून आपण पुन्हा त्याच खाडीत येतो. आजचा देश साजरा करायचा तर आजच्या देशाला दुसरा दिवस चालणार नाही का?

दुसरं म्हणणं जास्त वजनाचं आहे. तारीख बदलून आदिवासींच्या आयुष्यात काय फरक पडणार? देशाच्या लोकसंख्येत ते चारेक टक्के, आणि तुरुंगातल्या माणसांत मात्र एक तृतीयांश. आयुर्मान इतरांपेक्षा कमी. काही आदिवासी नेतेसुद्धा म्हणतात की तारखेचं सोडा, या गोष्टींकडे बघा. मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण तुरुंगांचा प्रश्न सोडवायला २६ जानेवारी कुठं उपयोगी पडतेय, हे मला कोणी दाखवावं. तारीख ठेवल्यानं दवाखाने सुधारत नाहीत आणि बदलल्यानं बिघडणारही नाहीत. आपल्या शेजाऱ्याच्या घरी ज्या दिवशी सुतक असतं त्या दिवशी आपण दारात वाजंत्री लावत नाही. शेजाऱ्याचं कर्ज फेडता येत नाही म्हणून वाजंत्रीही चालू ठेवायची, हे आपल्यात कोणी मान्य करेल का?

तिसरं म्हणणं आकड्यांचं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आदिवासींना संसदेपुढे सल्ला देणारी संस्था राज्यघटनेत घालण्यावर सार्वमत झालं. साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाही राज्यांनी नाही म्हटलं. तारखेच्या बाबतीतही आज बहुमत बदलाच्या बाजूनं नाही. मान्य. म्हणूनच तर बोलायचं. बहुमत आपोआप तयार होत नाही, ते एकेका जेवणाच्या टेबलावर तयार होतं. आणि ही टेबलं आता आपलीही आहेत. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेल्यांची संख्या पावणेसात लाखांच्या घरात होती, परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडनंतर आपला दुसरा नंबर. गेली अनेक वर्षं नवं नागरिकत्व घेणाऱ्यांत आपण पुढं आहोत. २६ जानेवारीच्या समारंभांत हॉल भरतो तो आपल्या साड्या-कुर्त्यांनी. त्या दिवसाचा फोटो आपणच आहोत.

"आपण पाहुणे, घरच्यांच्या भांडणात कशाला पडा," हे मी आपल्याच लोकांकडून सगळ्यात जास्त ऐकते. शपथ घेईपर्यंत हे ठीक होतं. शपथ घेतली, मत द्यायला लागलो, घरं घेतली. आता पाहुणे म्हणवून घेणं सोयीचं आहे, खरं नाही. हॅरिस पार्कला जाऊन बघा. विग्रम स्ट्रीटवर चाट, डोसा, जिलेबीची दुकानं. शनिवारी संध्याकाळी उभं राहायला जागा नसते. तिथून पाच-दहा मिनिटं चालत गेलं की 'एक्सपेरिमेंट फार्म' लागतो. जेम्स रूझ या कैद्याला फिलिपनं १७८९ मध्ये शेतीचा प्रयोग म्हणून जमीन दिली ती ही. वसाहतीतलं पहिलं जमिनीचं वाटप इथलं. पुढं ती जमीन सर्जन जॉन हॅरिसनं विकत घेतली, म्हणून हॅरिस पार्क. त्याआधी हा सगळा भाग बुरामट्टा कुळाचा. परामट्टा हे नाव त्यावरूनच आलं. तिथल्या लाकडी कुंपणाशी मी एकदा आईला घेऊन उभी होते. हातात पिशवी, पिशवीत गरम जिलेबी. मला लख्ख जाणवलं की आपल्या गृहकर्जाच्या कागदांची साखळी मागं मागं नेली तर ती याच कुंपणाशी येऊन थांबते. ज्यानं जमीन दिली त्याची ती नव्हती. हे मला दोषाची भावना म्हणून सांगायचं नाही. हिशेब आपल्या नावावरही चढला आहे, एवढंच.

आणि तारखा कशा ठरतात, कशा बदलतात, हे आपल्याइतकं कोणाला माहीत असावं? १९२९ च्या डिसेंबरमध्ये लाहोर काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर लोकांनी प्रतिज्ञा घेतली. त्यानंतर १९४७ पर्यंत दरवर्षी २६ जानेवारी हाच आपला स्वातंत्र्यदिन होता; लोक त्यासाठी लाठ्या खात, तुरुंगात जात. मग सत्तांतराची तारीख माउंटबॅटननं निवडली, १५ ऑगस्ट. सतरा वर्षं रक्त सांडून जपलेली तारीख सोडून आपण नवी घेतली, आणि कोणाचं देशप्रेम कमी झालं नाही. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली होती, पण ती पूर्णपणे अमलात आणायला दोन महिने थांबलो, जुन्या प्रतिज्ञेचा मान राखायला. तारीख कोणाच्या आठवणीशी बांधायची याचा विचार करूनच हे झालं.

अजून जवळचं उदाहरण घ्या. आल्बुकर्कनं २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा जिंकलं. पोर्तुगीज राजवटीचा तो पाया. त्यानंतर साडेचारशे वर्षांत गोव्यात जे घडलं त्यातलं बरंच आज गोव्याचं आहे, स्वयंपाकापासून संगीतापर्यंत, आणि गोंयकार ते अभिमानानं मिरवतात. पण "गोवा दिन २५ नोव्हेंबरला करूया, आजचा गोवा त्यातूनच घडला," असं कोणी सुचवलं तर पणजीपासून काणकोणपर्यंत काय होईल? गोव्याची सुट्टी १९ डिसेंबरला आहे. इथल्या आदिवासींना त्यांचा १९ डिसेंबर कधीच मिळाला नाही. निदान त्यांच्या २५ नोव्हेंबरला आपण फटाके उडवू नयेत.

मग कोणता दिवस? १ जानेवारी, म्हणजे १९०१ मध्ये सहा वसाहती एकत्र येऊन देश झाला तो, असं बरेच जण सुचवतात. पण त्या नव्या संसदेनं पहिल्याच वर्षी गोरेतरांना बाहेर ठेवणारा कायदा केला. आपल्याला येऊ न देणारा तो हाच. ३ जून १९९२ ला उच्च न्यायालयानं माबो खटल्यात ही भूमी कुणाच्याही मालकीची नव्हती हे तत्त्व खोडून काढलं. ज्यांच्या नावानं तो खटला ओळखला जातो ते एडी माबो निकालाच्या सुमारे साडेचार महिने आधीच वारले. तो दिवस मोठा आहे, पण तो सात न्यायाधीशांचा आहे. माझं मत २७ मेला. १९६७ मध्ये या दिवशी सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी आदिवासींना जनगणनेत मोजण्याच्या आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारला कायदे करता यावेत याच्या बाजूनं मत दिलं. इथल्या सगळ्या सार्वमतांत एवढं मोठं 'हो' दुसरं नाही. साधारण त्याच वर्षांत आपल्यासारख्यांसाठीही दार किलकिलं होऊ लागलं होतं. काही आदिवासींना कोणताच दिवस नको आहे, आधी करार करा असं ते म्हणतात. त्यांचं तेही ऐकून घ्यायला हवं. पण निर्णय होईपर्यंत २६ तारखेला वाजंत्री चालूच ठेवायची, याला ते कारण होऊ शकत नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र आजही हातात आहे. २०२२ च्या डिसेंबरपासून कौन्सिलांना नागरिकत्वाचा समारंभ २६ तारखेच्या तीन दिवस आधी किंवा नंतर घेण्याची मुभा आहे. काही कौन्सिलांनी तो हलवलाही आहे. आमच्या कौन्सिलनं अजून हलवलेला नाही. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. खाली आमच्या मराठी मंडळींच्या एकोणीस सह्या आहेत. पत्र पाठवण्याआधी मी ते आईला फोनवर वाचून दाखवलं. इंग्रजी होतं, म्हणून मराठीत सांगत सांगत. ती म्हणाली, त्या स्वागताला बाई आल्या होत्या ना, त्यांचं नाव विचारून घे.

मी कौन्सिलमध्ये फोन करून विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.